मधला चेंडू

२ फेब्रुवारी

हरलो. पुन्हा! आणि कुणाकडून — तर सांगलीहून टेनिस खेळायला पाहुणे आलेल्या नाथाजीराव आणि बनुबाई या नवराबायकोकडून. ते सत्तरीचे, त्या जरा अलीकडच्या. दोघांनी एकही चेंडू जोरात मारला नाही. नुसतं टुक्‌ टुक्‌. आमचे हे नेटपाशी छाती काढून उभे, आणि चेंडू यांच्या टोपीवरून अलगद मागच्या कोपऱ्यात. मागे धावायचं कुणी? मी! बरं, धापा टाकत पोचले तर हे गर्रकन वळून ओरडतात, "माझा! माझा!" दोन रॅकेट एकमेकींवर. खण्ण. चेंडू तिसरीकडेच.

जाताना बनुबाईंनी माझा हात हातात घेतला. "छान पळता हो तुम्ही."

पळते! पन्नाशीला टेकलेल्या बाईचं एवढंच कौतुक!

३ फेब्रुवारी

खांदा गेला. बँकेत सह्या करताना तोंड वाकडं. एक आजोबा म्हणाले, "मॅडम, रागावलाय का आमच्यावर?"

६ फेब्रुवारी

लग्नाला चोवीस वर्षं झाली आणि सलग एका घरात राहायला लागून जेमतेम दीड. सुभेदार दिग्विजय निवृत्त होऊन आले तेव्हा पहिला महिना आम्ही पाहुण्यांसारखे वागलो. "चहा घेणार?" "चालंल." मग यांनीच मला कोर्टावर नेलं. फौजेत शिकले होते. म्हणाले, "दोघांनी मिळून कायतरी केलं पायजे." मला तेव्हा किती बरं वाटलं होतं! मिळून म्हणजे हे मारणार आणि मी चेंडू गोळा करणार, हे नंतर कळलं.

९ फेब्रुवारी

मैत्रिणीकडे, आसियाकडे गेले. तिचं औषधांचं दुकान, आणि कॉलेजात असताना ती विद्यापीठाकडून खेळलेली. खांद्यासाठी मलम मागितलं. मलम बाजूला ठेवून म्हणाली, "आधी सर्व्हिस दाखव." दुकानात! काउंटरपाशी! गिऱ्हाईक उभं. मी हवेत हात फिरवला.

"वैरीण आहेस का खांद्याची? चेंडू वर भिरकावतेस कशाला? ठेव. वरच्या फळीवर लोणच्याची बरणी ठेवतेस ना, तसा. सावकाश, आणि बोटं सगळ्यात शेवटी सोडायची."

गिऱ्हाईक म्हणालं, "बरोबर हाय."

१२ फेब्रुवारी

सकाळी एकटीच कोर्टावर. बरणी, बरणी, बरणी. बऱ्याच बरण्या फुटल्या. पण काही अशा गेल्या — अशा गेल्या! चेंडू पडला आणि सुरेख वर उडाला. बघायला चिटपाखरू नाही. उगाच स्वतःलाच "वा संयोगिताबाई" म्हटलं.

१६ फेब्रुवारी

आसिया आमचा खेळ बघायला आली. पायरीवर बसून शेंगदाणे खात होती. शेवटी एकच बोलली, "भाऊजी, बाजू बदला. तिला डावीकडे उभी करा. दोघंही उजव्या हाताचे. डावीकडच्याचा सरळ हात, फोरहँड, मधे येतो. म्हणजे मधला चेंडू तिचा."

हे हसले. "मधला चेंडू माझाच असतोय, आसियाताई."

"कुणी ठरवलं?"

यांनी बुटाची नाडी बांधायला घेतली. बांधलेलीच होती ती.

२३ फेब्रुवारी

सांगलीच्या स्पर्धेत नाव दिलं. मिश्र दुहेरी, पंचेचाळीसच्या पुढची जोडी. यांनीच परस्पर दिलं. आणि माझी बाजू? उजवी! विचारायची पद्धतच नाही.

२ मार्च

भांडण. कोर्टावर, चारचौघांत.

चेंडू अगदी मधून आला. माझ्या सरळ हातावर. मी पाय रोवले, रॅकेट मागे नेली, आणि हे आडवे! "माझा!" चेंडू जाळीत.

मी म्हटलं, "तो माझा होता."

"आगं, तुला जमला नसता. म्या कवर दिलं."

मग जे तोंडातून निघालं ते निघालं. "तान्ह्या सृष्टीला रात्रभर ताप असायचा तेव्हा कवर कुठं होतं? सासूबाईंच्या ऑपरेशनला? विहिरीची मोटर जळली तेव्हा? तेव्हा माझा म्हणायला कुणी आलं नाही! सगळं मीच मारलं. आणि आता एक चेंडू मारता येत नाही मला?"

 शेजारच्या कोर्टावरचा खेळसुद्धा थांबला.

 यांनी चेंडू उचलले, डब्यात भरले. डब्याचं झाकण बसेना.

३ मार्च

मोटरचं बोलायला नको होतं. बाकीचं ठीक. पण मोटर जळली तेव्हा हे बर्फात होते, मजा करत नव्हते.

तरी चेंडू माझाच होता.

५ मार्च

घरात शांतता. भाजीत मीठ जास्त झालं तरी "लय झ्याक" म्हणतात. यापेक्षा भांडण बरं!

सृष्टीचा पुण्याहून फोन. "आई, बाबा मला विचारत होते, लॉब, तो डोक्यावरून जाणारा उंच चेंडू, कसा परतवायचा ते कशात बघायला मिळेल." माझ्याशी अबोला, आणि अभ्यास चालू!

८ मार्च

संध्याकाळी चहाचा कप हातात देताना म्हणाले, "उद्या डावीकडं हुबी ऱ्हा."

एवढंच. मी पण एवढंच म्हटलं, "बरं."

९ मार्च

वाईट खेळलो. पण वेगळं वाईट! हे दर चेंडूला "मा—" म्हणून थांबत होते, जीभ चावून. मला हसू येऊन एक सोपा चेंडू सुटला. मग यांनाही हसू. आसिया ओरडली, "हसा घरी जाऊन!"

आणखी एक ठरलं. समोरून लॉब यायला लागले की यांनी नेट सोडून मागे यायचं. हे म्हणतात, "माघार?" आसिया म्हणाली, "माघार नव्हे हो, भाऊजी. मोर्च्याची जागा बदलणं." यांना ते पटलं. शब्दांत सगळं असतं!

१६ मार्च

सांगली. ऊन मी म्हणतंय. पहिलीच लढत — नाथाजीराव आणि बनुबाई! मला बघून बनुबाई गोड हसल्या. "पळायची तयारी आहे ना?" मी पण हसले. 

पहिल्या सेटला त्यांनी आम्हाला धुतलं. टुक्‌ टुक्‌. दुसऱ्यात आम्ही दोघं मागे उभे राहिलो आणि तेच सुरू केलं. उंच, सावकाश, कोपऱ्यात. त्यांचंच औषध त्यांना! नाथाजीराव पहिल्यांदा कपाळ पुसताना दिसले. सेट आमचा. मग तिसऱ्या सेटऐवजी टायब्रेक.

बरोबरी, आणखी दोन गुण हवेत. माझी सर्व्हिस. पहिली बाहेर. दुसऱ्याला चेंडू ठेवला, बोटं शेवटी सोडली. पडला आत! बनुबाईंनी परतवला. बरोब्बर मधे. तो येताना मला दिसत होता आणि यांचा पाय हललेलाही दिसला. आता हे घेणार, असं वाटलं.

पाय थांबला.

मी मारला. दोघांच्या मधून, सरळ. चेंडू जाऊन पडला तरी ती दोघं एकमेकांकडे बघतच होती.

त्यानंतरचा चेंडू त्यांनीच जाळीत मारला. जिंकलो!

पुढच्या फेरीत मिरजेच्या एका जोडीनं आम्हाला पार लोळवलं. चहा प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात बाहेर. काही वाटलं नाही. खोटं — थोडं वाटलं.

१७ मार्च

काल लिहायचं राहिलं. येताना कराडच्या अलीकडे उसाच्या रसाला थांबलो. हे ग्लासाकडे बघत म्हणाले, "तुला जमणार न्हाई, आसं मला कवाच वाटलं न्हाई."

"मग?"

"तुलाच सगळं जमलं तर मी काय करायचं? हितं येऊन मला तेच कळंना."

 माझ्या ग्लासातला अर्धा रस त्यांच्या ग्लासात ओतला. प्याले.

३० मार्च

बँकेत वर्षअखेर. कोर्ट बंद, डोकं बंद.

७ एप्रिल

बढतीची यादी लागली. माझं नाव आहे. शाखा सांभाळायची — जतला, पार कर्नाटकाच्या हद्दीजवळ. राहायला जावंच लागेल. याआधी दोन वेळा घरासाठी नाही म्हटलं होतं. आज कुणाला न विचारता हो म्हणून आले आणि घरी येऊन यांना सांगितलं.

यांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग, "कवा हजर व्हायचं?"

"पुढच्या सोमवारी."

उठले, माळ्यावरून फौजेतली काळी ट्रंक उतरवली. आता अंगणात बसलेत. झाकणावरचं स्वतःचं नाव खरवडून काढलंय, आणि पांढऱ्या रंगात माझं लिहिताहेत.