स्टुडिओची दुसरी कॉपी

१२ जानेवारी

रिकामी! हार्ड डिस्क रिकामी निघाली!

दिवाळीनंतर कॉम्प्युटरवाल्या मुबीनने नंदुरबारहून येऊन बसवून दिली होती. स्टुडिओच्या सर्व्हरवरचे सगळे फोटो रोज रात्री आपोआप तिच्यावर उतरणार होते. मी निश्चिंत. आज तो म्हणाला, "भाभी, कॉपी होते असं मानू नका. एक फोटो परत आणून दाखवा." मी हसत हसत भिकुबाईच्या मुलाचा मागितला. काहीच नाही. एकाही रात्रीचं काही नाही!

कारण? आमचे हे! रोज शटर ओढण्याआधी मेन स्विचला हात लावतात, तो हात कपाळाला नेतात आणि मेन बंद. सासऱ्यांपासूनची पद्धत. वीजच नाही, तर रात्री कॉपी कसली होणार?

मुबीन हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला — "भूपेंद्रभाई, रोज पाया पडून गळा दाबता की हो त्याचा!"

"मग रात्रभर मेन चालू ठेवू? आग लागली तर? आणि सर्व्हरला काय झालंय? चालतोय ना!"

चालतोय ना! माझ्या गुडघ्याबद्दलही हेच ऐकत आले.

१३ जानेवारी

रागाने मी स्वयंपाकघरात गेलेच नाही. त्यांनी स्वतः चहा केला. निम्मी साखर ओट्यावर.

१५ जानेवारी

एवढा राग कशाचा, ते स्वतःलाच विचारलं. लग्नाच्या अल्बमांचा नाही. भिकुबाईचा.

ती नर्मदेकाठच्या मणिबेलीकडची. आधी होडी, मग जीप, असं करत दरवर्षी होळीच्या बाजाराला अक्कलकुव्यात येते. तिचा नवलसिंग शाळेत असतानाच तापाने गेला. त्याचा एकच फोटो, दाखल्यासाठी आम्ही काढलेला. प्रिंट दिली, ओलीने गेली. पुन्हा दिली, तीही गेली. मग म्हणाली, "तुझ्याच डब्यात राहू दे त्याला." तेव्हापासून येते, स्टुलावर बसते. मी त्याला पडद्यावर आणते. ती बघते, चहा पिते, जाते.

"ती काय गिऱ्हाईक आहे?" हे विचारतात.

नाही. मग? तिचं पोरगं त्या घरघरणाऱ्या डब्यात आहे आणि इथे कुणाला त्याचं काही नाही!

२० जानेवारी

मुबीनने नवं ठरवून दिलं. कॉपी आता दुपारी, आम्ही जेवायला बसतो तेव्हा. डिस्क दोन. एक इथे, एक नंदुरबारला माझ्या भावाकडे, हेमकांतकडे, आणि दर सोमवारी अदलाबदल. जुना कॉम्प्युटरही तयार ठेवायचा. सर्व्हर बसला तर त्याच दिवशी काम सुरू व्हायला हवं.

हेमकांत आज आला होता. संध्याकाळच्या बसने डिस्क घेऊन निघाला, तर सासूबाई दारात आडव्या — "दिवा लागी गया. आते घरमाथून काही देवानं नही."

"आई, ती लक्ष्मी नाही. डबा आहे नुसता!"

"डबा शे ना? मंग रडस काब्र?"

आणि हा माझा सख्खा भाऊ! "राहू दे ताई, पुढच्या वेळी नेतो." डिस्क टेबलावर ठेवून मोकळा!

रडत होते हे मात्र खरं. त्यांना कसं दिसलं कोण जाणे.

२१ जानेवारी

सकाळच्या एसटीने मीच नेऊन दिली. पूर्ण रस्ताभर मांडीवर धरून.

१० फेब्रुवारी

आज दुपारी विजेचा दाब एकदम वाढला. सर्व्हर गेला. कॉपी चालू होती म्हणून इथली डिस्कही त्याच्यासोबत गेली. जळका वास, आणि बाहेर लग्नघरची माणसं अल्बमसाठी उभी. ह्यांचा चेहरा पांढरा.

हेमकांतने नंदुरबारहून दुसरी डिस्क आणली. मुबीन त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसून आला. अदलाबदल कालच झाली होती, आणि त्यानंतरचे फोटो कॅमेऱ्याच्या कार्डात होतेच. जुना कॉम्प्युटर लावला. दिवेलागणीला सगळं परत!

लग्नाचे आधी बघू म्हटलं, तर हेच म्हणाले, "आधी तो भिकुबाईचा मुलगा बघ."

आला. मोठे कान, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं.

११ फेब्रुवारी

हे सकाळपासून येईल त्याला सांगतायत — "आम्ही आधीच तयारी केलेली!" आम्ही!! सासूबाईंनी नव्या डिस्कला हळदकुंकू लावलं. वायर घालायच्या भोकातसुद्धा!

२७ फेब्रुवारी

होळीचा बाजार. सकाळीच नवलसिंगला पडद्यावर काढून ठेवलं, स्टूल पुसलं.

भिकुबाईची मुलगी आली. एकटीच. भावाकडे बराच वेळ बघत राहिली. मग आश्रमशाळेतल्या नीट मराठीत म्हणाली, "आता आईचा दाखवा. ती गेली, संक्रांतीनंतर. दरवर्षी इथेच येऊन बसायची ना, तुमच्याकडे असेलच."

जुना कॉम्प्युटर बघितला. इथली डिस्क बघितली, फोन करून हेमकांतला त्याच्याकडची बघायला लावली. ह्यांनी जुनी कार्डं काढली. कुठेच नाही.

कॅमेरा तिच्या स्टुलाशेजारीच टांगलेला असायचा.