अठ्ठेचाळीस खणांचं कपाट

१४ ऑक्टोबर, सकाळी
स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, खरी नोंद: अक्रोडाच्या लाकडाचं कपाट एक. ओढायचे खण अठ्ठेचाळीस. खिळा एकही नाही. आत चिठ्ठ्या अकरा हजार सहाशे चाळीस, कापल्या मी, लिहिल्या मी. प्रत्येकीवर आपल्या रोजच्या ग्रीकमधला एक शब्द: कुठल्या शतकात त्याचा अर्थ काय होता, आज काय आहे. शाळा सहावीपर्यंत. बाकी स्वतःचं स्वतः.
आज गाव्रिईल मासळीवाल्याने दुकानाच्या पाटीवर, बांगड्याच्या भावाखाली, खडूने लिहिलं: घोडा म्हणजे ‘आलोगो’, पूर्वीचा अर्थ अक्कल नसलेला. बायका खिदळत होत्या. शतक दिलेलं नाही. संदर्भ नाही. तारल्या न घेता परत आलो.

१७ ऑक्टोबर
पाटीवर: काम म्हणजे ‘दुलिया’, पूर्वी गुलामी. हमालांनी टाळ्या वाजवल्या. हे त्याला मीच सांगितलं होतं, मार्चमध्ये, तो तारल्या तोलत असताना. संकल्प: त्याच्याकडची मासळी बंद. बायको, एवान्थिया, म्हणाली, मग जेवायला काय वाढू, चिठ्ठ्या?

२३ ऑक्टोबर
मितिलिनीहून विद्यापीठातल्या बाई आल्या. पाटीचा फोटो काढला. माझी सुतारशाळा तिथून चाळीस पावलांवर आहे (मोजली). आल्या नाहीत. मला हेवा वाटत नाही. फक्त नोंद करतो की फोटोच्या वेळी त्याच्या एप्रनला खवले चिकटलेले होते.
मासळीबंदीचा सहावा दिवस. परत मसूर.

२९ ऑक्टोबर
योजना तयार. ८ नोव्हेंबर, देवदूतांचा सण, म्हणजे स्तामातिस नावाच्या आम्हा सगळ्यांचा नामदिन, वाढदिवसासारखाच. दुर्दैवाने गाव्रिईलांचाही. त्या दिवशी गाव घरोघर शुभेच्छा देत फिरतंच. तेव्हाच कपाट उघडायचं. व्याख्यान ७ ते ९.३०, मध्यंतरं तीन. साठ पत्रिका छापायला टाकल्या.
एवान्थिया म्हणाली, अरे, नामदिनाला कुणी बोलावतं का? दार उघडं ठेवायचं, लोक आपोआप येतात. मी म्हटलं, लोकांना शिस्त लावायला हवी. आणि ‘पेदेवो’ची चिठ्ठी वाचून दाखवली: पूर्वी शिकवणे, आता छळणे. ती म्हणाली, तू तर दोन्ही एकदमच करतोस.

३ नोव्हेंबर
पत्रिका वाटल्या. मन मोठं करून गाव्रिईललाही दिली. म्हणाला, वा मिस्त्री, छपाई झकास! मिस्त्री. तीस वर्षं झाली, माझ्यात त्याला फक्त मिस्त्री दिसतो. त्याची मुलगी धक्क्यावर डोंगरी चहा आणि वाळवलेल्या औषधी पाल्याचं दुकान टाकतेय म्हणे. मी विचारलं नव्हतं.

८ नोव्हेंबर, सायं. ६.४०
खुर्च्या साठ, पैकी बावीस देवळातून आणलेल्या. बिहीचा मुरांबा साठ बश्या.

७.१०
कुणी नाही. आपल्याकडे सात म्हणजे साडेसात.

८.०५
शेजारची कल्लिरोई आजी आली. म्हणाली, बाळा, पत्रिका बघून सगळ्यांना वाटलं तू वर्गणी मागणार. आमंत्रण न लागणारा नामदिन गाव्रिईलकडे आहे, म्हणून गाव तिकडे. मुरांबा खाल्ला, खूप वर्षं जग म्हणाली आणि तिकडेच गेली. दुसरी बशी हातात घेऊन.

८.५०
तिकडून गाणी ऐकू येतायत. चिठ्ठी क्र. ९,२०७, ‘त्रागुदी’: आता गाणं, पूर्वी शोकनाट्य. गाव्रिईलकडे नवा अर्थ चालू आहे, माझ्याकडे जुना.

९.३०
व्याख्यान वेळेवर संपवलं. एवान्थिया दुसऱ्या मध्यंतरापर्यंत जागी होती.

९ नोव्हेंबर
गाव्रिईल आला. ताटलीत तळलेल्या तारल्या, वर फडकं. म्हणाला, काल सगळे विचारत होते एवढे शब्द आणतोस कुठून. मी सांगितलं, सगळे मिस्त्रीचे. मला थोडं गहिवरून आलं. (मसुराचा तेविसावा दिवस, हेही कारण असेल.)
मग तो कपाटापाशी गेला. एकेक खण ओढून पाहिला, अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. मी प्रत्येक खणाला शतक सांगत होतो. शेवटच्या खणाशी थांबून म्हणाला, मिस्त्री, लोण्यासारखे सरकतात रे! मुलीच्या दुकानाला अगदी असंच हवंय. चिठ्ठ्या तुझ्या तू ठेव, रिकामंच दे.
मी साफ नाही म्हणालो.
शेवटी ठरलं: नऊशे युरो.