भासऱ्यांची लंडनची मॅडम

साखरखेर्डा,
१५ जानेवारी २०२५

चि. मंजुश्रीले कौशल्याचे आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. फोन केला नाही, कारण घरात कान फार झाले. त्यातले दोन पोलंडचे आहेत अन् त्यायले आता मराठी समजून राह्यलं. शेजारच्या रुखमाबाई मेहकरले चालल्या, त्यायच्या हाती हे पत्र.

हाव, ती गोरी आमच्याच घरी आहे. मार्टा नाव. आमच्या भासऱ्यांच्या, गुलाबरावांच्या, शाळेत इंग्रजी शिकवायले आली. गुलाबरावांनी स्वतःच्या घरी नाही ठेवली, त्यांच्या सुनेले त्रास होईल ना. आमच्याकडं धाडली अन् गावात सांगतलं, पाहुणी माझी. तिच्यासाठी कमोड बसवला. माझे गुडघे कवाचे बोंबलून राह्यले, तवा कोणाले कमोड सुचला नाही.

पोरगी अशी, की आल्या दिवशी सगळ्यांच्या पाया पडली, जीपवाल्याच्यासुद्धा. ठेचा भाजीसारखा खाल्ला. आतले कपडे समोरच्या दोरीवर टाकले, जिथं बाप्ये बसतात. मी ते काढून मागं नेले तर म्हणे, थँक्यू आई. पाण्याले थँक्यू, भाकरीले थँक्यू. इतकं स्वस्त बोलणं मले आवडत नाही. अन् मी बसल्याबिगर जेवत नाही. ताट घेऊन चुलीपाशी बसून राहते, मग मलेच घाई करा लागते. नसता ताप.

तिच्या देशात इंग्रजी बोलतच नाहीत. ह्यांनी मोठ्या भावाले तसं सांगतलं, तर गुलाबराव म्हणे, गोऱ्यायची भाषा एकच. गॅदरिंगले तिले लंडनची मॅडम म्हणून हार घातला. तिनं माइकवर सांगतलं की मी पोलंडची, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हे सारं तुले कळलंच असेल. डिंपलचं तू विचारलं नाहीस, म्हणून मीही सांगतलं नव्हतं.

माझी पोरगी दिवाळीपासून इथंच आहे. जालन्याच्या जावयानं तिचा हात दारात चेंगरला. चुकून नाही. तूच आणलेलं स्थळ. पोरगा निर्व्यसनी आहे म्हणाली होतीस. आहेच. शुद्धीत राहून मारतो.

गावात बोभाटा नको म्हणून भासऱ्यांनी तिले मागच्या खोलीत ठेवायले लावलं. इंग्रजीत एम.ए. झालेली पोरगी. लग्नाआधी याच शाळेत नोकरी मागितली तवा म्हणे, आपल्या घरची पोरगी पोरांपुढं उभी राहत नाही. गोरी उभी राहिली तर चालते, ती कोणाच्याच घरची नाही.

पण त्या गोरीले माणूस लपवायची रीत माहीत नाही. ती डिंपलले हाताले धरून शाळेत घेऊन गेली. मागच्या आठवड्यात मी डबा घेऊन गेली, तर नववीच्या वर्गात डिंपल शिकवून राह्यली अन् मार्टा मागच्या बाकावर. लेकरं हसत होती, डिंपलसुद्धा. मी दारातच थांबली. तेवढ्यात गुलाबराव आले. सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "नवऱ्याले सोडून आलेली बाई लेकरायले काय शिकवणार? निघ घरी."

डिंपलनं खडू खाली ठेवला.

मंजू, लग्न होऊन आली तेव्हापासून मी त्या माणसासमोर तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी डोक्यावर पदर घ्यायचंही सुचलं नाही. म्हटलं, "तास चालू आहे. तुम्ही बाहेर थांबा."

ते थांबले नाहीत, निघून गेले. डिंपलनं खडू उचलला अन् तास पुरा केला.

संध्याकाळी निरोप आला. मॅडमचं सामान काढा, पोरीले जालन्याले पोचवा. आमचे हे खाली मान घालून बसले. तेवढं एक काम त्यायले झकास जमते. मार्टा फार रडली, रविवारी चालली. रडू दे, तिच्यापाशी विमानाचं तिकीट आहे. आमच्यापाशी मेहकरची बस आहे.

तिथल्या एका शिकवणीवाल्यानं डिंपलले बोलावलं आहे. राहायले घर पाह्यजे, ते तुझं. सोमवारी दुपारी तिले घेऊन येऊन राह्यली. लोक काय म्हणतील, हे उलट्या निरोपानं कळवू नको. दार उघड अन् तिच्या हाताकडं पाहून सांग.

तुझी मोठी बहीण, सोमवारपर्यंत तरी,
कौशल्या