पाहुण्याची नजर

सोमवार, ४ जून
नव्या नोकरीचा पहिला दिवस आणि मी जाम खूश! इस्पितळाच्या मागच्या इमारतीत मला स्वतंत्र खोली, खिडकीपाशी टेबल, त्यावर नवाकोरा सूक्ष्मदर्शक. पेशंटच्या गाठीचा पातळ काप चिकटवलेली काच मी भिंगाखाली ठेवायची, की झालं. बाकी सगळं दूरदूरचे डॉक्टर आपापल्या कॉम्प्युटरवरून करतात. काच आपोआप सरकते, भिंग आपोआप वरखाली होतं. या डॉक्टरांना इथे ‘पाहुणे’ म्हणतात. आमच्या विभागाच्या मोठ्या बाई म्हणाल्या, असे पाहुणे मिळायला भाग्य लागतं. चहासुद्धा विचारावा लागत नाही.

गुरुवार, ७ जून
एका पाहुण्याचं नाव पडद्यावर येत नाही. बाकीचे भराभर बघून जातात. हा रेंगाळतो. मग एका जागी थांबतो. थांबला की थांबलाच.
आज तो थांबला ती जागा मी सकाळी पाहिली होती, अगदी स्वच्छ. तो गेल्यावर पाहिलं तर तिथेच पेशी सुजलेल्या, काळपट, एकमेकींवर चढलेल्या. बाई म्हणाल्या, तुला दिसलं नाही ते त्यांना दिसलं, यालाच अनुभव म्हणतात. असेलही. पण जेवणात लक्ष लागलं नाही.

मंगळवार, १२ जून
आता मी आधी फोटो काढून ठेवते. माझी नजर चुकलेली नाही. आधी काही नसतं. तो बघतो आणि मग असतं.
काल दुपारी तो थांबला ती काच एका शिक्षिकेची होती. तिला आज घरी सोडणार होते. त्याऐवजी वरच्या मजल्यावर, कॅन्सरच्या वॉर्डात हलवलंय. नर्स म्हणाली, एका रात्रीत गाठी आल्या.
कॉम्प्युटरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, काल दुपारी कोणीच जोडलेलं नव्हतं.

गुरुवार, १४ जून
दादाच्या मानेवरची गाठ काढली. काच माझ्याकडेच आली. तीनतीनदा पाहिली. स्वच्छ! वहिनीला फोन केला, बिचारी आनंदानं रडली. फोन ठेवते तोच —
काच सरकतेय.
केबल उपटली. सरकतेय. वीज बंद केली. दिवा तसाच जळतोय —

ओढायला गेले, काच फुटली. तुकडे भिंगाखालीच अडकलेत. निघत नाहीत. दादाचा काप त्यातच —
भिंगाचं तोंड उजव्या तळहातानं दाबून धरलंय. डाव्या हातानं लिहितेय. बाईंना हाका मारल्या. दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, पाहुण्यांचं काम चाललंय, नंतर येते.
हात काढला तर दादा दिसेल त्याला.
तळहाताखाली भिंग फिरतंय. हळूहळू. अंगठ्याकडे — परत मधे —
थांबलं.
थांबलंय, आणि तिथे आत काहीतरी