सुती चिंध्या

बाई, आज चिकपेटच्या दुकानात नवा तागा फाडून बघताना तुमचा आवाज कानात आला, म्हणून लिहायला बसलो. तुम्ही गेल्यावर हे पोस्टात टाकायचं नाही, तेव्हा मोकळेपणी लिहितो. शाळा मी सातवीत सोडली, पण तुम्ही मला सोडलं नाहीत. नव्वदच्या दशकात, निवृत्त झाल्यावर, लाकडासाठी बोडका केलेला घाटातला एक उतार तुम्ही घेतलात आणि तिथे पुन्हा रान उभं करायचं ठरवलंत. मी व्यापारी माणूस. म्हटलं, "बाई, निलगिरी लावा. भराभर वाढते, भानगड नाही." तुम्ही इंदिरानगरच्या अंगणात तऱ्हेतऱ्हेच्या रानझाडांची रोपं पिशव्यांत भरत होतात. मान वर न करता म्हणालात, "तू वर्षभर दुकानात एकाच रंगाची साडी ठेवून दाखव, मग बोलू." सरी, बरं तर, म्हटलं, आणि मीही माती कालवायला बसलो.

त्या पावसाळ्यात रस्ता रुंद करायला घाटातली जुनी झाडं पाडली. त्यांच्या फांद्यांवरची ऑर्किडं, नेचे रस्त्याकडेला पडलेले. ते गोळा करून आपल्या उतारावर तोडीतून वाचलेल्या मोजक्या झाडांना बांधायचे, आणि पाऊस ओसरायच्या आत त्यांनी मूळ धरलं नाही तर सगळे मरणार. तुम्ही चिंध्या मागितल्यात. मी ऐटीत नायलॉनच्या साड्यांच्या किनारी पाठवल्या, सगळ्यात मजबूत. तुम्ही पोतं घेऊन थेट दुकानात, गिऱ्हाइकांसमोर: "अरे शहाण्या, हे कधी कुजणार? मुळांनी खोड धरलं की चिंधीनं गळून जायचं असतं. नाहीतर तिचाच फास होतो." जन्मभर 'टिकाऊ, टिकाऊ' म्हणून माल विकलेला मी! मग काय, गल्ल्यामागे बसून एकेक तुकडा फाडतोय, ऐकतोय. निव्वळ सूत कसं चर्रकन बोलतं, नायलॉन मिसळलेलं कापड कुरकुरतं. तुम्ही पोत्यात सुती तेवढं भरताय आणि हसताय, "वर्गात कुठे होते रे हे कान?"

परवा उतारावर जाऊन आलो. पहिल्यांदा तुमच्याबरोबर गेलो तेव्हा तिथे नुसता वारा ऐकू यायचा. आता आत शिरलं की ऊन वरच राहतं, आणि बेडूक, किडे, पाखरं, इतके आवाज की एक धरावा तर दुसरा निसटतो. ऑर्किडं खोडांना अशी बिलगलीत की कुणी बांधली होती म्हटलं तर पटू नये. सोबतच्या लोकांना मी सांगितलं, रान बघायला आलोय. खरं म्हणजे झाडामागून झाड चाचपत तुमच्या हातची एखादी गाठ शोधत होतो. एकही उरलेली नाही. तुम्हाला हवं होतं तसंच झालं, बाई. मलाच स्वल्प जड जातंय.