रविवारी तळं

प्रिय ठमे,

तुझा निरोप मिळाला. या रविवारीही पाऊस सांगितलाय, म्हणून तू येत नाहीस. हा लागोपाठ तिसरा रविवार. रुसलेली नाही मी. लहानपणी तूच विचारायचीस, की आपला रविवार पावसाला कोण कळवतं गं आई? मी म्हणायचे, शेजारच्या मास्तरीणबाई, दुसरं कोण!

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण वाचनालयाचे दोन जिने मुकाट चढतो. आता मी बोट न ठेवता वाचते. रंगाच्या डब्यांवरची नावं जोडत चाळिशीनंतर अक्षरं शिकलेल्या बाईला एवढं पुष्कळ झालं. तुझ्या बाबांचा ब्रश अजून पाण्यातच ठेवते. पाणी आटलं की घालते. सुकला की त्याची काठी होते, असं तेच म्हणायचे.

परवा कपाटाचा खालचा कप्पा आवरताना त्यांची जुनी कॅलेंडरं सापडली. सुतळीनं बांधलेला गठ्ठाच. प्रत्येक चौकटीत पेन्सिलीनं त्या दिवशी रंगवायची भिंत: ‘शाळा, मागची बाजू’, ‘दवाखाना, वरचा मजला’. पाऊस पडला तर नुसतं ‘ओल’. ओल्या भिंतीवर रंग धरत नाही, म्हणून ओल म्हणजे घरी. आणि कितीतरी रविवारी ‘ओल’च्या वर आधीच लिहिलेलं ‘तळं’.

तुला आठवत असेलच. शनिवारी संध्याकाळी हाताचा रंग रॉकेलनं पुसत ते दारातूनच ओरडायचे, उद्या तळं! नावेत बसायचं! मी अंडी उकडायचे, तू बूट उशाशी घेऊन झोपायचीस. सकाळी पाऊस. मग स्वयंपाकघरात चादर अंथरून तेच पाव नि अंडी खायची, आणि बाबांनी उलथन्यानं वल्हं मारायचं. तू खिदळायचीस. मग एका वर्षी खिदळेनाशी झालीस. दहावीत होतीस तेव्हा म्हणालीस, की बाबांना न्यायचंच नसतं, पाऊस नुसतं निमित्त. त्यांनी उलथनं जागेवर ठेवलं. मी तुला दटावलं नाही, कारण मलाही तसंच वाटायला लागलं होतं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ठमे, सगळी कॅलेंडरं मी जमिनीवर पसरली आणि चष्मा लावून एकेक चौकट वाचली. कोरडे रविवार भरपूर होते गं. त्या प्रत्येकावर कुणाची तरी भिंत आहे. मुकादम सुट्टी द्यायचा तीच मुळी शनिवारी आभाळ भरून आलं की. म्हणजे बाबा घरी असायचे ते पावसामुळेच, आणि आपण तिघं खिडकीशी बसून त्याच पावसाला शिव्या घालायचो! इतकी साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात शिरली नाही. आणि न्यायचंच नव्हतं म्हणशील, तर तू नोकरीला बाहेरगावी गेल्यावरच्या रविवारीही ‘तळं’ आहे. त्यांच्या आजारपणाच्या वर्षात तर भिंत एकही नाही, ओलही नाही. नुसतं ‘तळं’ आहे, वाकड्या अक्षरात.

म्हणून काल मी एकटीच तिकडे जाऊन आले. नाववाल्याला विचारलं, पावसात नाव सोडतोस का रे? तो हसला. म्हणाला, मावशी, वारा नसला की सोडतो, तळं काय भिजणार आहे? माणसंच येत नाहीत. इतक्या वर्षांत आपण कुणी विचारायलाच गेलो नव्हतो. रविवारी सकाळी दहाला त्याला सांगून ठेवलंय, दोघींसाठी. पाऊस आला तरी जायचं. दोन रेनकोट आणलेत. तुझा पिवळाधमक आहे, नाक मुरडू नकोस. अंडी मी उकडते, पाव तू आण. बाबांचं ‘तळं’ नेहमी पेन्सिलीत असायचं. या रविवारच्या चौकटीत मी ते पेननं लिहिलंय.

तुझीच,
भिजायला तयार असलेली
आई