माझी पिन परत लाव

रेणू,

सांगितलं तर कोणाचा विश्वास बसणार नाही, पण पस्तीस वर्षं मी प्लांटच्या गेटपासच्या पिनेनं दात कोरले अन् हिरडीले एक ओरखडा आला नाही. ती पिन तू आज ड्यूटीवर जाता जाता माझ्या बनियनवरून काढून नेली. कावून? मले एका शब्दानं विचारलं?

वरून म्हणते, बाबा, तुमचा गाल सुजला तो त्या पिनेनंच. साफ खोटं. आठ दिवस झाले, मी तू आणलेला दात साफ करायचा धागाच वापरून राहिलो. तू शिकवलं तसाच. दोन बोटांले गुंडाळायचा, फटीत हळूहळू सरकवायचा, दाताले बिलगून खालीवर करायचा, हिरडीवर आपटायचा नाही. काल मटणाचा तुकडा अडकला, तर आत गेलेला धागा निघेच ना. जोर लावला तशी दाढ अशी वाजली, की शेजारचे भूपेंद्र प्लांटमंदी काही फुटलं म्हणून बाहेर धावले. हिरडी तुझ्या धाग्यानं फाडली.

म्हणून पाच वाजता दाताच्या डॉक्टरकडे मी येणार नाही. जामुल गावाले माझ्या दोस्ताकडे, भैयालालकडे चाललो. स्कूटर घेऊन मागं येऊ नको. पिन जिथली तिथं लाव.

हे लिहून राहिलो तर तुझी सासू मागं उभी राहून मोठ्यानं वाचून राहिली. आता तिनं आरशाजवळची धाग्याची डबी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली अन् म्हणते, "अहो, हिचं तर सीलच फुटलं नाही. आठ दिवस कोणता धागा फिरवला तोंडात?"